कुडाळचं फिजिशियन मॅडमचं क्लिनिक : चार स्टार, आणि पाचवा का नाही तेही सांगते

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हे सगळ्यात आधी लिहिते कारण जिना चढताना ज्यांना धाप लागते तेच लोक इथे जास्त येतात. ज्यांना अजिबात चढवत नाही त्यांनी खालच्या मेडिकलवाल्याला सांगायचं, तो वर फोन करतो आणि मॅडम स्वतः खाली येऊन रिक्षात बसलेल्या म्हातारीला तपासून जातात, हे मी डोळ्याने बघितलंय. चांगलं आहे, पण जागा बदलायला काय हरकत आहे. अर्धा स्टार तिथे गेला, उरलेला अर्धा वेटिंगला. नंबर सकाळी फोनवर लागतात, फोन सारखा बिझी, आणि नंबर लागला तरी दोन-तीन तास धरूनच चाला कारण मॅडम एकेका पेशंटला वेळ देतात. मालवणकडच्या लोकांनी सकाळचीच एसटी पकडा.

आता बाकीचे चार का दिले ते सांगते, जरा लांबण लागेल.

आमचं तारकर्लीच्या बाजूला घर आहे, घरातच टुरिस्ट लोकांची खानावळ आणि वर दोन खोल्या. डिसेंबर आणि मे म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत पाय जमिनीला नाही. तर गेल्या वर्षी मला थकवा यायला लागला. थकवा म्हणजे काम केल्यावर येतो तो नाही, तो मला माहीत आहे, लहानपणापासून बघतेय. हा सकाळी उठल्या उठल्याच असायचा. विहिरीवरून कळशी घेऊन घाटी चढताना मधे टेकावं लागायचं, छातीत धडधड व्हायची, रात्री पाय वळवळायचे म्हणजे कुठेही ठेवले तरी चैन नाही, केस तर कंगव्यात बघवत नव्हते. सासूबाई म्हणाल्या "माका पण असाच होयचा, कोणाक सांगलंय मी?" आणि त्यांचं खरंही असेल म्हणा, त्या पिढीतल्या बायकांनी कोणालाच सांगितलं नाही. आत्याबाई म्हणाल्या देवळात गाऱ्हाणं घाल. घातलं. त्यात वाईट काय, पण डॉक्टरकडे पण गेले.

पहिले डॉक्टर कोण ते लिहिणार नाही. माणूस वाईट नाही, गर्दी असते, शंभर लोक बाहेर बसलेले. पण त्यांनी मी बोलायला सुरुवात केल्यावर मिस्टरांकडे बघून विचारलं "घरी काय टेन्शन आहे का?" अहो मी समोर बसलेय ना. वय विचारलं, बेचाळीस सांगितल्यावर म्हणाले आता असं होणारच, पाळी जायच्या आधीची लक्षणं, मन रमवा, गॅसची गोळी लिहून देतो. पुन्हा गेले तर एका रात्रीसाठी ॲडमिट करून पिवळी सलाईन लावली. दोन दिवस बरं वाटलं, मग होतं तिथेच. ईसीजी काढला, नॉर्मल आला. सीबीसी म्हणजे रक्ताची नेहमीची तपासणी केली, हिमोग्लोबिन १२.१, नॉर्मल. "बघा, सगळं नॉर्मल आहे, तुम्ही उगाच डोक्यात घेता." बायकांच्या हिमोग्लोबिनची खालची लिमिट १२ आहे, म्हणजे मी लिमिटच्या वर एवढीशी, पण कागदावर लाल रंगात काही छापून आलं नाही म्हणून विषय संपला. घरी येताना मिस्टर पण म्हणाले, डॉक्टर सांगतायत ना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाच वाटायला लागलं की मी नाटक करतेय की काय.

कुडाळला जायचं माझ्या मावसबहिणीने सुचवलं. ती नर्स होती, आता रिटायर. तिने जायच्या आधी मला एक काम लावलं आणि ते काम मी इथे सविस्तर लिहितेय कारण नुसतं चांगलं क्लिनिक शोधून होत नाही, तिथे जाऊन बोलायचं काय हे पण लागतं.

ती म्हणाली "थकवा येतो" असं कुठल्याही डॉक्टरला सांगू नकोस, दिवसभरात प्रत्येक जण तेच सांगतो, त्याच्या कानावरून जातं. काय करता येत होतं आणि आता काय येत नाही ते सांग. म्हणून मी वहीच्या एका पानावर लिहिलं: आधी भरलेली कळशी घेऊन घाटी न थांबता चढायचे, आता मधे बसते. आधी पन्नास माणसांचं जेवण करून रात्री भांडी पण आवरायचे, आता भात उतरवून खाली बसावं लागतं. कधीपासून, तर गणपतीनंतर. कमी होतंय की वाढतंय, तर वाढतंय. पाळीचं तिने वेगळं लिहायला लावलं, मला लाज वाटत होती, ती म्हणाली लाज कसली, आकडे लिही. किती दिवस जाते, पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का आणि केवढ्या. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. पण दर एक-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर जात असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील तर ते जास्त आहे, ते डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलेलं नव्हतं, डॉक्टरांनी पण विचारलेलं नव्हतं.

एकच पान. चार पानं नेलीत तर कोणी वाचत नाही, उलट "हिला वेळ जास्त आहे" असं तोंडावर दिसतं. आणि जी गोष्ट सगळ्यात त्रासाची ती पहिल्या ओळीत, कारण आपण काय करतो, उठता उठता दाराशी जाऊन म्हणतो "अजून एक विचारायचं होतं", आणि तीच मेन तक्रार असते.

अजून एक, सोबत कोणाला तरी न्या पण त्याला आधीच सांगून ठेवा की डॉक्टर विचारतील त्याचं उत्तर मी देणार. मिस्टरांना एसटीतच सांगितलं. ते जरा फुगले, पण गप्प बसले, आणि नंतर मॅडम काय म्हणाल्या ते मला निम्मं आठवत नव्हतं ते त्यांना बरोबर आठवत होतं, त्यामुळे सोबत असावंच.

तर मॅडम. आत गेल्यावर त्यांनी कागद घेतला, पूर्ण वाचला, आणि केसपेपरवर माझे शब्द तसेच लिहिले, "घाटी चढताना मधे बसते". मग एक प्रश्न विचारला ज्याने मी खुर्चीत सरळच झाले. म्हणाल्या, "कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?"

आता हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तांदूळ निवडायला बसले की मुठीमुठीने तोंडात जायचे. टुरिस्टांसाठी बर्फ लावतो तो ट्रे मी एकटीच अर्धा चावून संपवायचे. मिस्टर माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटायचं फ्रीज बिघडलाय. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या हे लोह कमी असल्याचं जुनं ओळखीचं लक्षण आहे, रात्री पाय वळवळतात ते पण त्यातलंच असू शकतं, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी शरीरातला साठा संपलेला असू शकतो. शरीर आधी साठ्यातलं वापरतं, ते संपल्यावर हिमोग्लोबिन खाली यायला लागतं. म्हणून साठा बघायची टेस्ट वेगळी, फेरिटिन. ती सीबीसीमध्ये येत नाही. आणि आपल्याकडे ही कमतरता काही दुर्मिळ नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५४ टक्क्यांना ॲनिमिया निघालाय, म्हणजे वेटिंगच्या बाकावर बसलेल्या बायकांत निम्म्या तरी धरा. तरी आम्हाला मन रमवायला सांगतात.

टेस्ट लिहून दिल्या त्या फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, बी १२, सीआरपी, शौचाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. प्रत्येक कशासाठी ते सांगितलं. सीआरपी का, तर अंगात कुठे इन्फेक्शन किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. शौचाची का, तर आम्ही माडांना पाणी लावताना बागेत अनवाणी फिरतो आणि ओल्या मातीतून अंकुशकृमी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. हे शाळेत शिकलेलं, पण मुंबईच्या डॉक्टरला सुचलं नसतं असं आपलं माझं मत.

लॅब खालीच आहे पण तिथेच करा असं म्हणाल्या नाहीत. मी मुद्दाम विचारलं, दुसरीकडे करू का, तर "कुठेही करा, रिपोर्ट आणा." याला पण मार्क. फेरिटिन थोडी महाग टेस्ट आहे, आधी दर विचारून घ्या, लॅबप्रमाणे बराच फरक पडतो. आणि पेपरात जाहिरात येते ती फुल बॉडीची स्वस्त पॅकेजं घेणार असाल तर यादीत फेरिटिन आहे का ते बघा, साठ-सत्तर टेस्टची नावं असतात आणि नेमकी ही नसते असं पण होतं.

माझं फेरिटिन आलं ७. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. कागद बघून मला रडू आलं. आजार निघाला म्हणून कोणी खुश होतं का, पण मी झाले. थायरॉइड आणि बी १२ ठीक, जंत नाहीत.

आता हे वाचून कोणी डॉक्टरकडे जाऊन दहा टेस्ट मागून भांडू नका. कारण मी पण एक मागितली होती, डोकं दुखतं तर एमआरआय करू का, आणि मॅडम नाही म्हणाल्या. पण नाही म्हणायच्या आधी बीपी घेतलं, डोळ्यात बॅटरी मारली, हातापायाची ताकद बघितली, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि मग सांगितलं की आत्ता एमआरआयची गरज दिसत नाही, पण अचानक कधी झालं नाही एवढं जोरात दुखलं, हातपाय लुळे पडले, बोलताना जीभ अडखळली किंवा दिसायला कमी झालं तर थांबायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला. नकार असा द्यावा. मला हवी ती टेस्ट मिळाली नाही तरी मी समाधानाने बाहेर आले, आणि आधीच्या ठिकाणी ईसीजी, सलाईन सगळं मिळून पण रडत आले होते.

मावसबहिणीने शिकवलेलं एक वाक्य मला इथे वापरायची वेळच आली नाही पण तुम्हाला उपयोगी पडेल. डॉक्टर टेस्ट नको म्हणाले आणि कारण सांगत नसतील तर आवाज न चढवता म्हणायचं, "डॉक्टर, मग पेपरवर एवढं लिहून द्याल का की पेशंटने ही तक्रार सांगितली, टेस्ट विचारली आणि सध्या गरज वाटत नाही?" ती म्हणते तिच्या नोकरीत तिने बघितलंय, हे म्हटल्यावर दहातले बरेच जण पेन थांबवून परत एकदा विचार करतात. आणि त्याला जोडून, "अजून काय असू शकतं?" आणि "किती दिवसात फरक नाही पडला तर परत येऊ?" या दोन प्रश्नांना कोणी चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर तेही कळलं.

पुढे सोनोग्राफीत निघालं ॲडिनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूच्या भिंतीत वाढतं, त्याने पाळीत जास्त जातं आणि दुखतं. म्हणजे लोह जात होतं ते इथून. नुसत्या गोळ्या देऊन थांबले असते तर एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने गळायचं चालू राहिलं असतं. मॅडमनी त्यासाठी बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्या डॉक्टरांचं नाव पण नको, त्यांनी रिपोर्ट बघून दोन मिनिटात सांगितलं, मुलं झालीत ना, पिशवी काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या.

पिशवी काढणं कोणाला लागतं, लागलं तर करावं, माझ्या जावेचं झालंय आणि ती ठणठणीत आहे. पण पहिल्याच भेटीत? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते सगळ्या पेपरात आलं होतं, सरकारने समिती नेमली होती, आणि २०२२ मध्ये केंद्राने विनाकारण पिशवी काढू नये म्हणून मार्गदर्शक सूचना पण काढल्या. मी म्हटलं मॅडमना विचारून सांगते. आणि परत कुडाळला. मॅडम म्हणाल्या दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्कच आहे, आणि जाताना विचारा की ऑपरेशन सोडून काय काय आहे. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला तीन गोष्टी समजावल्या, पाळीच्या दिवसात घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं साधन जे काही वर्षं चालतं, आणि शेवटी ऑपरेशन. मी साधन बसवलं. सुरुवातीला अधेमधे डाग पडत राहिले, तेही आधी सांगितलेलं होतं त्यामुळे घाबरले नाही. आता पाळी नावापुरती.

लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारत असाल तर मला रोज घेऊन पोट साफ होईना, शौच काळं, मळमळ. मॅडमना फोन केला, तर त्यांनी एक दिवसाआड करून दिली, म्हणाल्या एक डोस घेतला की शरीर जवळजवळ दिवसभर पुढचं लोह कमी शोषतं त्यामुळे नुकसान नाही, आणि तरी नाही सोसलं तर शिरेतून देता येतं. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नाही. हे सगळ्यात कठीण गेलं, पाहुण्यांबरोबर घोट घोट चहा चालूच असतो आमच्याकडे. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. आणि बरं वाटलं म्हणून लगेच बंद नाही, साठा भरायला अजून काही महिने चालू ठेवायची. बर्फ खायची इच्छा मात्र सगळ्यात आधी गेली, थकवा जायच्याही आधी. मिस्टर म्हणतात फ्रीज दुरुस्त झाला.

कागदपत्रांचं एक राहिलं. मॅडमना आधीच्या ॲडमिट झालेल्या रात्रीचे पेपर हवे होते, मिस्टर मागायला गेले तर काउंटरवर सांगितलं असे पेपर देत नाही. देतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, दुसऱ्या कॉपीवर पोचपावतीचा शिक्का मागितला, दुसऱ्याच दिवशी पेपर आले. भांडण नाही काही नाही. तसंच महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात. तुम्ही ॲडमिट होता तिथे भिंतीवर बघा, कॅलेंडरच्या मागे सापडेल कदाचित.

आणि हे वही-कागद, प्रश्न, दुसरं मत वगैरे सगळं हळूहळू चालणाऱ्या दुखण्यासाठी. छातीत दुखतंय, बसल्या जागी श्वास लागतोय, चक्कर येऊन पडलात, उलटीतून रक्त किंवा गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच झालं तर लिहीत बसू नका, १०८ लावा.

क्लिनिकबद्दल तक्रारी अजून आहेत त्या पण लिहिते. फोनवरची मुलगी तुसडी आहे, "बघू, सांगते" म्हणून फोन ठेवते. ती पेशंटची नावं आणि "काय होतंय?" सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते, पाळीचं वगैरे असेल तर तिला सरळ सांगा मॅडमनाच सांगेन, ऐकते. मी मॅडमना हे बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, बदल अजून दिसला नाही. बाथरूम स्वच्छ पण कडी नाही. पावसाळ्यात वरच्या पत्र्याचा एवढा आवाज येतो की आत नाव पुकारलेलं ऐकू येत नाही, दाराजवळची खुर्ची धरा.

चांगलं अजून एक, मॅडम म्हाताऱ्या माणसांशी मालवणीत बोलतात. माझ्या पुढच्या नंबरची आजी होती, तिला विचारत होत्या "सांजची गोळी खाल्लंस काय गो?" आणि आजी बिनधास्त "नाय, विसारलंय" म्हणाली. आमच्या आधीच्या डॉक्टरसमोर हीच आजी हो म्हणाली असती आणि डोस वाढवून घेऊन आली असती.

फी माझ्या वेळी चारशे होती, त्याच दुखण्यासाठी आठवड्यात परत आलात तर घेत नाहीत. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, रिक्षा मिळत नाही आणि गर्दी डबल. पैसे रोखच न्या, वर रेंज नसते, क्यूआर कोड लावलेला आहे पण तो शोभेचा.